सपत्नीक

"रविवारी चहाला या. बायकोलाही घेऊन या," बाई हंगेरियनमध्ये म्हणाल्या. एरवी एकेका वाक्याला तीनदा 'पुन्हा सांगा' म्हणणाऱ्या चष्मेवाल्याला नेमकं हेच वाक्य पहिल्या झटक्यात कळलं.

"हो, येतो," तो म्हणाला आणि घाईघाईनं वही पिशवीत कोंबून निघाला.

बाईंचा तो शिरस्ताच होता. पहिलं पुस्तक संपलं की विद्यार्थ्यानं घरच्यांना घेऊन चहाला यायचं आणि त्यांच्यासमोर हंगेरियन बोलून दाखवायचं. बाईंनी तरुणपणी तिकडे बरीच वर्षं नोकरी केली होती आणि तिकडची शिस्त त्यांनी इकडेही सोडली नव्हती. उंबरठा ओलांडला की आपली भाषा बाहेर चपलांपाशी. शब्द अडला तरी थांबायचं नाही, हाताशी असतील त्या शब्दांवर भागवायचं.

असं भागवता भागवता चष्मेवाला पहिल्याच तासाला डॉक्टर होऊन बसला होता. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्याला काय म्हणतात ते पुस्तकात नव्हतं. बाईंनी मान डोलावली, आणि मग माघार घ्यायला त्याला तोंड उरलं नाही.

शिकण्याचं कारण मात्र अस्सल होतं. मुलगी लग्न होऊन तिकडे गेली होती. नातवाला आजोबांची भाषा येत नव्हती आणि आजोबांना नातवाची. फोनवर दोघं एकमेकांकडे बघून नुसते हात हलवायचे.

पण आपण आठवड्यातून दोनदा बाईंकडे धावत जातो ते नातवासाठी, असं आता त्यालाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. तिथं बाई विचारायच्या, "काल संध्याकाळी काय केलंत?" आणि गाडी सुरू व्हायची. बायको आणि मी नदीवर फिरायला गेलो. बायकोचे केस पांढरे झालेत, पण ती रंगवत नाही. बायको म्हणते, मी घोरतो. बाई खळखळून हसायच्या.

"बायको भारी हौशी दिसते तुमची!"

"फार हौशी," तो फुशारून म्हणायचा.

घरी यातलं काहीच नव्हतं. नदीवर तो एकटाच जायचा, मुकाट्यानं जेवायचा आणि टीव्ही लावून बसायचा. बायकोला तर या शिकवणीचा पत्ताच नव्हता.

थोरल्या बहिणीला मात्र होता. ताई खालच्याच मजल्यावर राहायची आणि जिन्यावरच्या प्रत्येक पावलावर तिचं लक्ष असायचं.

"कडक इस्त्री, वर अत्तर," तिनं त्याला एकदा दारातच गाठलं होतं. "मेल्या, आजोबा झालास आता. शिकवणीला चाललायस की मुलगी बघायला?"

"बाई शिस्तीच्या आहेत, ताई."

"शिस्तीला अत्तर लागतं होय?"

चहाच्या आमंत्रणाचं ऐकल्यावर मात्र ताईनं थट्टा आवरली. "आता रे काय करणार?"

"बघू."

"बघू काय, कपाळ? त्या बाईंना काय काय सांगून ठेवलंयस कुणास ठाऊक. खरं काय ते सांग आणि मोकळा हो. नाहीतर मीच येते तुझी बायको होऊन. चांगली साडी नेसते आणि तोंड मिटून बसते."

"ताई, काहीतरीच काय!"

"मग आजारी आहे म्हण."

आजारी हा शब्द त्याला येत होता. डोकं दुखतं, ताप आहे, सगळं पाठ होतं. पण बाई पुढच्या रविवारी बोलावतील, त्याच्याही पुढच्या रविवारी बोलावतील. आणि आपल्या तोंडानं तिला अंथरुणावर पाडायचं, ही कल्पनाच त्याला सोसवेना.

आठवडाभर त्याचं कशात लक्ष लागलं नाही. दुकानात त्यानं एका गिऱ्हाइकाला दोन्ही डोळे झाकून अक्षरं वाचायला सांगितली. मालक म्हणाले, "अहो, आधी तुमचेच डोळे तपासा." तो हसला, आणि लगेच एकाची काच दुसऱ्याच्या फ्रेममध्ये बसवून मोकळा झाला. भीती एकच होती. खोटेपणा उघडा पडला तर बाई दारात उभं करणार नाहीत. त्या खोलीतल्या तासाइतकं सुख त्याला दुसरीकडे कुठेच मिळत नव्हतं. ते हातचं जाणार म्हणून तो खरोखर घाबरला होता. तरी एका दुपारी त्यानं शब्दकोश काढला, लागणारे शब्द शोधले आणि घोकायला बसला. शब्द थोडेच होते, पण काही केल्या तोंडात बसेनात.

रविवारी तो बाईंच्या दाराशी आला, परत फिरला, कोपऱ्यावरच्या दुकानातून नको असलेली काडेपेटी विकत घेतली आणि पुन्हा दाराशी आला. या वेळी बेल वाजवली.

टेबलावर तीन कप मांडलेले होते. तिसऱ्या कपाशी एक हातानं विणलेला रुमाल घडी करून ठेवला होता.

"त्यांच्यासाठी विणला," बाई हंगेरियनमध्ये म्हणाल्या आणि त्याच्या पाठीमागे जिन्याकडे बघू लागल्या. "मागून येतायत का? मी दार उघडंच ठेवते."

"नको. लावून घ्या."

बाईंनी दार लावलं. "भांडलात की काय दोघं?"

"नाही. आम्ही कधीच भांडत नाही."

"मग त्या कुठे आहेत?"

तो खुर्चीत बसला. घोकलेलं वाक्य त्यानं एकदा मनात म्हणून पाहिलं. मग एकेक शब्द जपून उच्चारत तो हंगेरियनमध्ये म्हणाला, "मुलीच्या जन्माच्या वेळीच ती वारली, बाई. पहिल्या धड्यात मरणाचा शब्द नव्हता."