मुकी होडी

"या डब्यात मी पाय ठेवणार नाही!" धाकटा म्हणाला आणि ॲल्युमिनियमच्या होडीला त्याने अशी लाथ घातली, की दुकानाच्या छपरावरची कबुतरं दुसऱ्या मालकाकडे राहायला गेली. "सांगा वहिनी, तुमच्या नवऱ्याला."

थोरला त्याच होडीत अनवाणी उभा होता. लाथ बसताच तो गर्रकन वळला आणि भावाकडे खाऊ की गिळू असं बघून पुन्हा पाठमोरा झाला.

वहिनीने तोंड उघडलं. आतून नुसती हवा आली.

पंचाईत झाली. दोघा भावांचा अबोला तीन वर्षांचा, आणि घरचा सगळा कारभार चालायचा वहिनीच्या गळ्यावर. गळाही असातसा नव्हे. तिने चहा झाल्याची हाक मारली, तर पलीकडच्या काठावरची माणसं कपबशी धुऊन तयार राहायची. धाकटा सांगायचा, वहिनी ते थोरल्यापुढे गर्जायची, थोरला त्याहून मोठ्याने खेकसायचा. काल जुन्या होडीचा तळ कायमचा सुटला आणि नवी कोणती घ्यायची यावरून जुंपली. दिवसभर निरोप ओरडून ओरडून वहिनीचा घसा बसला.

आणि आजच सोक्षमोक्ष लावायचा होता. दोघांत एक होडी ठरली नाही तर जाळी वाटून घ्यायची, असं धाकट्याने घरून निघतानाच बजावलं होतं. जाळी वाटली की घर वाटलं. मधली भिंत कुठून काढायची, तेसुद्धा त्याने नजरेने आखून ठेवलं होतं.

दुकानात दोन्ही होड्या जुन्या टायरांवर शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या. दुकानदार दोन्हींच्या मध्ये उभा राहून दोन्हीकडून बोलत होता, कारण विकायच्या दोन्ही होत्या.

"फायबरची घ्या. लोण्यासारखी चालते. तापत नाही, वाजत नाही, मासा बिचकत नाही. आता ॲल्युमिनियमचं म्हणाल, तर वजनाला हलकी. दगडावर आपटली तर पोचा येईल, ठोकून काढा. पण वाजते हं." मग त्याने थोरल्याच्या पाठीला विचारलं, "साहेब, इंजिन केवढं लावणार?"

पाठीने उत्तर दिलं नाही.

"बघितलंत?" धाकटा म्हणाला. "ज्याच्याकडून घ्यायची त्याच्याशी हा माज. मी तर सख्खा भाऊ."

थोरला उतरला, फायबरच्या होडीत चढला, दोनचार टाचा आपटल्या आणि तोंड वाकडं करून खाली आला. "मुकी आहे," तो गरजला. "पायाला काहीच सांगत नाही. होडी बोलली पाहिजे." आणि पुन्हा ॲल्युमिनियमच्या होडीत जाऊन बसला.

"स्वतः बोलायचं नाही आणि होडीने बोलायचं! वहिनी, विचारा त्याला, हे पिंप बडवत पाण्यात गेलो तर मासे काय कानांत बोळे घालून थांबणार आहेत?"

वहिनी नवऱ्याच्या खांद्याशी गेली. ओठ हलवले.

थोरल्याने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. "तूही अबोला धरलास? त्याला फितूर झालीस?" तिने गळ्याकडे बोट नेलं, तोवर त्याने मान फिरवलीसुद्धा.

धाकट्याला हेच सलत होतं, हे मान फिरवणं. तीन वर्षांपूर्वी, ऐन जाळं ओढताना, धाकट्याच्या बायकोला बाळंतपणासाठी दवाखान्यात घेऊन गेलेल्या वहिनीचा फोन आला होता. होडीच्या पुढच्या टोकावर उभा राहून तो ओरडला होता, "दादा, मुलगी झाली!" थोरला नेहमीसारखा मागे, इंजिनाला खेटून बसलेला. उभी हयात त्याने त्या धडधडीशेजारीच काढली होती. त्याने पाण्यावरची नजर हलवली नाही. हसला नाही, नाव विचारलं नाही. मुलगा असता तर उठला असता, धाकट्याच्या मनात आलं, आणि त्याच दिवशी त्याने जीभ दाताखाली धरली. थोरल्यानेही कधी ती सोडवायला सांगितलं नाही.

"बस झालं," आता तो दुकानदाराला म्हणाला. "दोन होड्या द्या. त्याचा डबा त्याला, माझी मला. जाळी आजच वाटतो, भिंतीच्या विटा उद्या आणतो."

वहिनीने त्याचा हात धरला. त्याने झटकला.

एवढ्यात थोरल्याच्या मागे फळीवर ठेवलेला लोखंडी नांगर सुटला आणि फरशीवर आदळला. असा आवाज झाला की दुकानदार टेबलाखाली गेला आणि रस्त्यावरच्या दोन सायकली आपोआप थांबल्या. धाकट्याने दोन्ही कान झाकले.

थोरला होडीची कड चाचपत होता. त्याची पापणीही लवली नाही.

धाकटा बघत राहिला. तोच चेहरा. त्या दिवशी इंजिनापाशी होता, तसाच्या तसा.

ज्या डब्यात पाय ठेवणार नव्हता, त्यात धाकटा चढला. भावाच्या पाठीमागे उभा राहिला आणि टाच आपटली. पत्रा घणघणला. कोणी नावाने हाक मारावी, तसा थोरला वळला.

धाकट्याने त्याचं मुंडकं दोन्ही हातांनी धरलं, कानाला तोंड लावलं आणि होता नव्हता तेवढा जोर करून ओरडला, "दादा, मुलगी झाली!"

थोरला लालबुंद झाला.

"आत्ता सांगतोस होय रे, गाढवा?" तो गरजला. "तेव्हा न्हाव्याने दाढी करताना कानाशी सांगितलं, म्हणून कळलं मला!"