डोंगराचा पोशाख

अंजनेरी चढायची म्हणून आमच्या ह्यांनी मुंबईहून खिळ्यांचे बूट, ब्रिचेस, हॅट आणि थर्मास मागवला. बूट पायाला सरावावेत म्हणून दोन दिवस घरभर खडखडाट. बाळ बिचारं झोपेत दचकायचं. लग्न होऊन आल्यापासून तो डोंगर मी माडीच्या खिडकीतूनच पाहिलेला. "मीही येते," म्हटलं, तर म्हणाले, "वेडी की काय! लुगड्यात कुणी डोंगर चढतं? नीट पोशाख नसला तर जिवावर बेतेल."

रविवारी तिन्हीसांजेला स्वारी सुखरूप परतली. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या.



"डोंगरावरची अंजनीमाता पावली हो! मी तिला नवस बोलले होते, माझा त्रिंबक धडधाकट परत आला, तर आमची सून बाळाला कडेवर घेऊन देवळापर्यंत चढेल. अनवाणी."