वाढलेली पानं

“पानं वाढली,” असं स्वयंपाकघरातून ऐकू आलं आणि मी बाथरूममध्ये जाऊन पोटात इन्शुलिन टोचलं. सेहेचाळिसाव्या वर्षी टाइप वन डायबेटिस निघाला. डॉक्टर अंगावर लावायचा इन्शुलिनचा पंप सुचवत होते, पण चारचौघांत लपतं म्हणून मी पेन घेतलं.

बाहेर येते तर गणपतीची आरती आत्ता सुरू होत होती. टोचल्यावर लगेच जेवायला हवं, नाहीतर रक्तातली साखर एकदम उतरते, आणि भाऊजी एकही आरती सोडत नाहीत. चौथ्या आरतीला घाम फुटला, हातातली झांज निसटली. स्वयंपाकघरापर्यंत पाय पोचतील असं वाटेना. देवापुढे खडीसाखरेची वाटी होती, अजून नैवेद्य न दाखवलेली.

मी मूठभर उचलून तोंडात कोंबली. आरती थांबली.

महिनाभर मला चहातही साखर न देणाऱ्या सासूबाई पुढे आल्या. वाटी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “पुरेल ना एवढी?”