हार मानायचं बोट

गिरिजाच्या गळ्याभोवती समोरच्या मल्लाचा विळखा आवळत गेला. हा आखाडा प्राचीन ग्रीकांच्या नियमाने चालायचा. हरणाऱ्याने बोट वर केल्याशिवाय पंच मध्ये पडत नसत. गेल्या वर्षी गिरिजाने बोट वर केलं, तेव्हा तिचे वडील संताजी वस्ताद महिनाभर तिच्याशी बोलले नव्हते. यंदा त्यांनीच तिच्या मानेत चिप बसवून घेतली. आता त्यांनी बटण दाबल्याशिवाय ते बोट हलत नव्हतं.

गिरिजाने त्यांच्याकडे पाहिलं.

"दम धर पोरी, सुटशील!" वस्ताद ओरडले.

तिचे डोळे फिरले, तेव्हा कुठे त्यांनी बटण दाबलं. बोट झटकन वर आलं. पंचांनी कुस्ती सोडवली.

"ऊठ आता. काही बोलणार नाही मी तुला," वस्ताद म्हणाले.

गिरिजा उठली नाही. बोट तेवढं ताठ उभं होतं.