आजोबांचा नवा कोट

"आई, हा कोट घेताना शुद्धीत होतीस ना?" पासांगनं कोट उलगडून सगळ्यांना दाखवला. "बाबा बुटके. यात दोन बाबा मावतील!"

कड्याखालच्या गवतावर हशा पिकला. लेबांगआजी हसली नाही. कड्याच्या खोबणीतून उतरवलेली पेटी उघडी होती, आणि चटईवर उन्हाला निजवलेल्या नवऱ्याच्या गालांवरची धूळ ती दाढीच्या ब्रशनं टिपत होती. तोराजा लोकांच्या डोंगरात दर तीन वर्षांनी, भातकापणी सरली की हा दिवस यायचा. गेलेल्यांना बाहेर काढायचं, पुसायचं, नवे कपडे घालायचे, घरची ख्यालीखुशाली सांगायची.

"ऊन आलं दारी, ऊठ माझ्या राया," आजी गुणगुणत होती.

"जितेपणी एवढं गायली असतीस तर म्हातारा आणखी चार वर्षं जगला असता," शेजारच्या चटईवरून डुमा ओरडली. तिच्यापुढे तिचा नवरा सांपे निजला होता. दोन्ही घरांची खोबण एकच.

आजीची नात तिकु मकासरच्या इस्पितळात नर्स होती. औषध टोचून टिकवलेली कातडी ती कुतूहलानं चाचपत होती. वडिलांच्या हातून कोट घेऊन तिनं बाही चढवली. मनगटापर्यंत बरोब्बर बसली.

तिकु थबकली. मेल्यावर माणूस आटतो. वाढत नाही.

तिनं डावी नडगी चाचपली. आजोबा भाताच्या कोठाराच्या छपरावरून पडले, नडगी मोडली आणि वाकडीच जुळली, ही गोष्ट घरातल्या प्रत्येक पोराला पाठ होती. ही नडगी बांबूसारखी सरळ होती. शेजारी डुमा पायमोजा चढवत होती, तो वाकड्या नडगीवर.

"आजी," ती कुजबुजली, "हे आजोबा नाहीत. आजोबा तिकडे आहेत."

"कॉलर धर."

"गेल्या खेपेला वाळवी लागली म्हणून पेट्या बदलल्या ना? तेव्हाच अदलाबदल झाली. राखणीला कोण होतं?"

"मी. बाकीचे जेवायला गेले होते."

"म्हणजे तुझा डोळा लागला असणार. बाबांना सांगते. आता झाकण लागलं तर आजोबा आणखी तीन वर्षं परक्या घरचे. आपल्या वाट्याचा त्यांचा आशीर्वाद डुमाच्या शेताला!"

पासांग झाकण उचलून येऊ लागला. तिकु उठली, तसं आजीनं तिचं मनगट पकडलं. पकड सुटेना.

"सांगितलंस तर आत्ताच्या आत्ता बदलतील ना गं?"

"बदलायलाच हवं, आजी."

"मग आधी एवढं ऐक." आजीनं कोटाचं शेवटचं बटण लावलं, छातीवरची सुरकुती तळव्यानं सारखी केली. "सतरा वर्षांची होते. सांपेच्या घरून मला मागणी आली होती. माझ्या बापानं ती परत पाठवली, मला न विचारता. पेट्या बदलल्या तेव्हा मीही कुणाला विचारलं नाही."