तिसरा 'कु'

घशात चिप बसवली आणि वामनराव टिपणिसांचं साठ वर्षांचं तोतरेपण दुपारच्या चहाआधीच गेलं. सोसायटीत पेढे वाटून झाले. पंचाईत झाली ती घरात. चेहरे विसरलेली बायको त्यांना ओळखायची ती हाकेतल्या तिसऱ्या 'कु'वर. आता खणखणीत "कुमुद" ऐकलं, की ती पदर सावरून म्हणे, "आपण कोण? हे बाहेर गेलेत."

वामनराव वाचा-समुपदेशक हर्डीकरबाईंकडे गेले. "चिप निघत नाही म्हणतात. मला पुन्हा अडखळायला शिकवा, बाई."

बाईंनी जन्मभर उलटंच शिकवलं होतं. "म्हणा, कु… कु…"

"कुमुद."

"चुकलं. पुन्हा."

"कुमुद," वामनराव अस्खलित म्हणाले. त्यांना हुंदका आला. चिपने तोही सुरळीत करून दिला.