साप्ताहिकातली चेटकीण

“आदी दात पाडतेत, का आदी गावाभाईर नेतेत? तेवढंच सांगा, गुरुजी.”

रामाजीनं हे इतक्या हळू विचारलं की खुशालगुरुजींना वाटलं, गडी पुढच्या प्रकरणासाठी उतावीळ झालाय. मग त्यांनी मान वर केली. रोज संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बायका असत, लेकरं असत, हसणं-खिदळणं असे. आज नुसते बाप्ये बसले होते. एकाच्याही तोंडात विडी नव्हती. आणि रामाजीच्या खिशातून पक्कड डोकावत होती.

आंध्राच्या हद्दीत, तामसीकडच्या त्या मराठी गावात तेलुगू वाचता येणारे एकटे गुरुजीच. बाकीचे बाजारात, कचेरीत तेलुगूत भांडूनसुद्धा येतील, पण अक्षर म्हटलं की तोंडाला कुलूप. आदिलाबादच्या बसनं तेलुगू साप्ताहिक यायचं. त्यात चेटकिणीची कादंबरी चालली होती. गुरुजी ती हातात धरून मराठीत सांगायचे आणि गाव कान टवकारून ऐकायचं.

गुरुजींचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणूनच तर त्यांना मजा यायची! नांदेडहून येणाऱ्या मराठी भयकथांचा त्यांनी फडशा पाडला होता. पण मराठी भूत फार सभ्य, असं त्यांचं म्हणणं. पांढरं लुगडं नेसतं, दोनदा हसतं, आणि पिंडदान केलं की मुकाट्यानं निघून जातं. गणपतीत भाड्यानं व्हिडिओ आणला, तर त्यातल्या राक्षसाचं रबर हनुवटीखाली सुटलेलं. पोरंसुद्धा हसली. रेडिओवरचं नाटक मात्र त्यांना पटलं. दार कुरकुरलं की ते आपल्याच घराचं वाटतं. त्यातून गुरुजींना युक्ती सापडली. परगावचं भूत कोणाला चावत नाही. भूत आपल्या गल्लीतलं पाहिजे.

कादंबरीतली चेटकीण तरणी, देखणी, दूर समुद्राकाठच्या बंगल्यात राहणारी. तिला कोण भिणार? गुरुजींनी तिला म्हातारी केली. तिच्या एका डोळ्यात फूल पाडलं. तिला चिंचेखालची झोपडी दिली, काळी शेळी दिली, आणि पुटपुटत लेकरांच्या हातावर बोरं ठेवायची खोड दिली. म्हणजे काय, पाटाजवळची जयवंताबाईच उचलून गोष्टीत बसवली. तिला ना मूल ना बाळ, विचारायला येणार कोण? बायका “आई वं!” म्हणून पदर तोंडाशी धरत, आणि गुरुजींची छाती वीतभर फुगे.

“जित्या मानसाले गोष्टीत काऊन घालता?” बायको, कुसुमबाई, एकदा चिडून म्हणाली होती.

“गोष्ट हाये ती, कुसुम. गंमत,” म्हणून गुरुजींनी तिला उडवून लावलं.

आणि बोलाफुलाला गाठ पडली. रामाजीची धाकटी पोर तापानं फणफणली. डोळे पांढरे करू लागली. दवाखाना झाला, सुई झाली, उतार पडेना. तिच्या फ्रॉकच्या खिशात बोराच्या बिया निघाल्या.

आता पक्कड पाहून गुरुजींना आठवलं. गेल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं होतं, दात पाडले की चेटकिणीचा मंत्र तुटतो. ते मात्र साप्ताहिकातलंच होतं, जसंच्या तसं.

“रामाजी, पोरीले आदिलाबादच्या मोठ्या डाक्टरकडे घेऊन चाल. आत्ताच्या आत्ता. मी येतो संगं.”

“नेतो ना. पयले हे निपटू द्या.”

मागं कोणीतरी कुऱ्हाडीवरची धूळ पुसली. गुरुजींनी विचार केला. खोटं सांगून आजची वेळ निभेल, उद्याचं काय? त्यांनी ठरवलं, खरं सांगायचं. लाज गेली तर जाऊ दे, जीव तर वाचेल. त्यांनी साप्ताहिक उघडलं आणि आजवर अंगठ्याखाली झाकलेलं चित्र सगळ्यांसमोर धरलं.

“हे पाहा! ही हाये गोष्टीतली बाई. तरनी हाये, दागिने घालून हाये. हिले शेळी नाई, चिच नाई, बोरं नाई. जयवंताबाई पुस्तकात कुठंच नाई! शपथ घेऊन सांगतो, तिचं जे सांगतलं ते मी माझ्या मनानं सांगतलं. तिचा काई गुन्हा नाई. पाया पडतो तुमच्या.”

साप्ताहिक या हातातून त्या हातात गेलं. माणसं चित्राकडे वाकून पाहत होती. “खरंच की,” एक जण पुटपुटला, “म्हातारी नाईच हाये.” कुऱ्हाडवाल्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. गुरुजींनी सगळ्यांना हात जोडले. त्यांना रडू येऊ लागलं.

रामाजी सगळ्यात शेवटपर्यंत चित्र पाहत राहिला. मग उठला, जवळ आला आणि त्यानं वाकून गुरुजींचे पाय धरले. त्याचेही डोळे भरून आले होते.

“मोठे उपकार झाले, गुरुजी. मले वाटे, कागदावरचं हाये, खरं असंन का खोटं. म्हनून त हात उचलत नव्हता माझा.” त्यानं पक्कड खिशातून काढून हातात घेतली. “पुस्तकात नाई, म्हंजे तुमी सोताच्या डोयानं पायलं.”